फॉर्म परत न करणाऱ्या गजभिये मॅडम

गजभिये मॅडम आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, त्या भांडायला.

सदर भागात चपलांच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सहा-सात माणसं, दोन कूलर आणि एक अरुंद जिना. कॉलेजांच्या आणि संस्थांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. प्रवेशाचे, वसतिगृहाचे, नोकरीचे अर्ज लोकांनी घरबसल्या भरावेत, असे ऑनलाइन फॉर्म ही आमची खासियत. निदान आम्हाला तसं वाटायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी साठीच्या एक बाई जिना चढून वर आल्या. फिकट निळी सुती साडी, घट्ट बांधलेले पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. घाम पुसायच्याही आधी त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि विचारलं, "हा फॉर्म कोणी बनवला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कागदावर आमच्याच एका फॉर्मच्या पहिल्या पानाची छापील प्रत होती. नावाच्या चौकटीत इंग्रजीत 'ओम' लिहिलेलं. दोनच अक्षरं. आणि त्याखाली लाल रंगात आमचा संदेश : अवैध नाव.

"माह्या शेजारच्या पोराचं नाव आहे हे," बाई म्हणाल्या. "बारा वर्षं शाळेत चाललं. मार्कशीटवर हेच, आधारवर हेच. तुह्याजवळ येऊन अवैध काहून झालं?"

मी समजावून सांगायला लागलो. नावात किमान तीन अक्षरं हवीत असा नियम ठेवला आहे, कोणी उगाच एखाददुसरं अक्षर दाबून पुढे जाऊ नये म्हणून.

"म्हणजे कोणी खोटं टाकंल, म्हणून तू खऱ्याले बाहेर काढलं?"

मी तो कागद हातात घेतला.

"आणि अवैध कशाले म्हणतात, माहीत आहे का गा? अवैध दारू असते. अवैध बांधकाम असते. मायबापानं ठेवलेलं नाव अवैध नसते."

तोवर आतून आमचे मालक हेमंत सर बाहेर आले होते आणि दाराला टेकून ऐकत होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तो नियम काढून टाकला. दहा मिनिटांचं काम होतं. पण बाई उठल्या नाहीत. ओमचा अख्खा फॉर्म त्यांनी माझ्याकडून तिथेच भरून घेतला, 'अर्ज मिळाला' असं पडद्यावर आलेलं चष्मा लावून वाचलं आणि मगच ग्लासातलं पाणी प्यायल्या.

हेमंत सरांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही करता काय?"

"तीन महिने झाले रिटायर होऊन. तीस वर्षं सरकारी ऑफिसात खिडकीवर बसली. अर्ज घ्यायच्या."

"मग तीस वर्षांत किती अर्ज परत केले असतील?"

"एकही नाही."

हेमंत सर हसले. त्यांना वाटलं, बाई फुशारकी मारतायत. त्यावर मॅडमनी पुढचा अर्धा तास जे सांगितलं, ते ऐकून झाल्यावर सरांनी विचारलं, आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे याल का? अशी शशिकला गजभिये नावाची निवृत्त कारकून आमच्याकडे लागली. ओळखपत्रावर हुद्दा काय टाकायचा हा प्रश्न पडला. सरांनी 'तपासनीस' टाकलं. मॅडमना तो शब्द फार आवडला. पहिले पंधरा दिवस जेवतानासुद्धा त्यांच्या गळ्यात ते ओळखपत्र असायचं.

त्या अर्ध्या तासात काय सांगितलं, ते मी नंतर अनेकदा ऐकलं, कारण त्या ते सगळ्यांना सांगायच्या. त्यांच्या खिडकीवर उमरेडहून, काटोलहून, कुठून कुठून माणसं यायची. अर्धा दिवस बसमध्ये घालवून. कुणाची सही राहिलेली असायची, कुणाची तारीख, कुणी स्वतःच्या जागी बायकोचं नाव लिहिलेलं. शेजारच्या खिडकीवरचे बाबू "अपूर्ण आहे, घेऊन जा" म्हणून कागद बाहेर सरकवायचे. मॅडम पेन्सिलीनं रिकाम्या जागेभोवती एक बारीक गोल करायच्या, कागद त्या माणसाकडे फिरवायच्या आणि म्हणायच्या, "इथं तारीख राह्यली. टाका." बस. एखादा दाखलाच नसेल, तर अर्ज खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि त्या माणसाच्या हातात चिठ्ठी द्यायच्या. चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहिलेली. पुढच्या वेळी काय आणायचं, तेवढीच.

"चार गोष्टी सांगितल्या तं माणूस गावाले पोचेपर्यंत तीन विसरते," त्या म्हणायच्या. "आणि विसरला म्हणून परत येत नाही. लाजते."

साहेब लोक ओरडायचे की अपुरे अर्ज स्वीकारू नका. मॅडमचं उत्तर ठरलेलं, "स्वीकारले कुठं सर? सांभाळून ठेवले."

आमच्या ऑफिसात आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर आमचे सगळे लाल संदेश एका वहीत उतरवून घेतले. अवैध माहिती. अमान्य प्रकार. रकाना आवश्यक. त्रुटी आढळली. मग त्या वही घेऊन माझ्या टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"आता तू खिडकीवर बसला. मी उमरेडहून आली. मी जन्मतारीख टाकली नाही. म्हण."

"काय म्हणू?"

"जे फॉर्म म्हणते, ते म्हण. माह्या तोंडाकडे पाहून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "त्रुटी आढळली," मी म्हणालो.

अख्खं ऑफिस हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "पुन्हा म्हण."

दुसऱ्यांदा माझ्याच्यानं म्हणवेना. समोर आईच्या वयाची बाई उभी आहे, आणि तिला मी सांगतोय की तुझ्यात त्रुटी आढळली! शेवटी मी म्हणालो, "मॅडम, तुमची जन्मतारीख राहिली. ती टाका ना."

"हाव. हेच लिही."

तेव्हापासून ऑफिसात ही पद्धतच पडली. कोणताही संदेश आधी टेबलाच्या पलीकडच्या माणसाला तोंडानं म्हणून दाखवायचा. म्हणवला तर फॉर्ममध्ये जाणार, नाहीतर नाही. चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो हाती लागेल त्याला मॅडम समोर उभा करायच्या. दर गुरुवारी येणारा कुरिअरवाला तर इतका तयार झाला होता की, आल्या आल्या "आज काय चुकलं माहं?" म्हणून विचारायचा.

फॉर्म तपासायची त्यांची रीतही अशीच. आम्ही तपासायचो तेव्हा आम्हाला जे टाकायचं ते माहीत असायचं, म्हणून सगळं व्यवस्थित चालायचं. मॅडम कधीच मॅडम म्हणून फॉर्म भरायच्या नाहीत. सकाळी येऊन जाहीर करायच्या, "आज मी इंदूबाई आहे, मले लहान अक्षर दिसत नाही." किंवा, "आज मी घाईत असलेला पोट्टा आहे, मी काही वाचत नाही." मग दिवसभर त्या खरोखर तसं करायच्या. एका बोटानं टाइप करायच्या, मध्येच उठून जायच्या, मोबाइल बंद करून चालू करायच्या, जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख टाकायच्या. संध्याकाळी त्यांची वही भरलेली असायची.

एकदा मला म्हणाल्या, "तुही माय कुठं राह्यते?"

"कन्हानला."

"तिले भरायले दे हा फॉर्म. तू बाजूले बसू नको. फोनवरून ऐक."

मी आईला वसतिगृहाच्या अर्जाची लिंक पाठवली आणि फोन कानाला लावून बसलो. आई सातवी शिकलेली, मोबाइल मराठीत वापरते. अकरा चौकटी तिनं एकेक करून, मोठ्यानं वाचत भरल्या. पंचवीस मिनिटं लागली. मग बाराव्या चौकटीत मोबाइल नंबर टाकला आणि खालचं बटण दाबलं.

"हे म्हणते फक्त अंक टाका," आई म्हणाली. "अंकच तं टाकले मी."

तिनं अंकच टाकले होते. मराठी अंक. आणि माझ्या फॉर्मला मराठी अंक हे अंक वाटतच नव्हते. फॉर्म मराठीत, सूचना मराठीत, भरणारी मराठी, आणि तिनं मराठीत नऊ लिहिलं की माझा फॉर्म म्हणणार, हे काही अंक नव्हेत.

"आणि बाप्पा," आई पुढे म्हणाली, "वरचं सगळंच गेलं. नाव, पत्ता, सगळं कोरं झालं. माह्याच्यानं नाही होत रे. तू घरी आला की भर."

तिनं फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. स्वतःलाच काही येत नाही असं मान्य केल्यासारखा आवाज होता. मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि उठून गेल्या. पुढच्या दोन दिवसांत मी आमचे सगळे फॉर्म बदलले. कोणतेही अंक चालतील, मध्ये जागा सोडली तरी चालेल, आधी शून्य टाकला तरी चालेल. आणि एका चौकटीत गडबड झाली म्हणून बाकीच्या अकरा कधीच कोऱ्या होणार नाहीत.

यावरून कुणाला वाटेल, मॅडम म्हणजे सगळं चालवून घेणाऱ्या, मायाळू बाई. तसं मुळीच नव्हतं. आमच्याकडे कामाला लागल्यावर त्यांचा राग मी एकदाच पाहिला. तो श्वेतावर.

श्वेता आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी. मॅडमचं ऐकून ऐकून तिला वाटलं, माणसाला विचारण्यापेक्षा फॉर्मनं स्वतःच दुरुस्ती करून टाकावी. एका गृहस्थांनी जन्मतारीख टाकली एकतीस फेब्रुवारी. फॉर्मनं काही कुरकुर न करता ती, जास्तीचे तीन दिवस पुढे मोजून, तीन मार्च करून टाकली आणि अर्ज पुढे पाठवला. श्वेतानं कौतुकानं मॅडमना दाखवलं, बघा, त्यांना त्रासच झाला नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "तू त्याले विचारलं?"

"नाही. पण फेब्रुवारीला एकतीस दिवस नसतातच ना."

"मंग तो एकवीस फेब्रुवारीचा असंल. एकतीस जानेवारीचा असंल. तीन मार्च तुले कोणी सांगितलं? त्याले न विचारता तू त्याचा जन्म बदलून टाकला वं?"

श्वेताचा चेहरा उतरला.

"तुहं मन चांगलं आहे, ते समजते मले," मॅडमचा आवाज जरा खाली आला. "पण उद्या त्याच्या दाखल्यावर एक तारीख अन् आपल्या कागदावर दुसरी. तो दोन वर्षं चकरा मारत राहील अन् त्याले समजणारच नाही, हे झालं कुठं. नाही समजलं तं विचारायचं. विचारण्यात काय लाज?"

त्या माणसाला मॅडमनी स्वतः फोन लावला. तो तेरा फेब्रुवारीचा निघाला. अंकांची अदलाबदल झाली होती. श्वेतानं ती तारीख आपल्या टेबलावर चिकटवून ठेवली.

आता आशाची गोष्ट सांगतो. मॅडम म्हटलं की आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला आधी तीच आठवते.

एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशअर्जाचं काम आमच्याकडे आलं होतं. तीन आठवडे अर्ज भरायची मुदत. मदतीसाठी म्हणून जो फोन नंबर दिला होता, तो फोन मॅडमच्या टेबलावर. चौथ्या दिवशी एक फोन आला. मॅडमनी नेहमीप्रमाणे तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता.

"मॅडम, वडिलांचं नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जाऊन नाही राहिला," एक मुलगी म्हणत होती. "आडनाव पण मागते. मले दोन्ही नाही."

ती एका बालगृहात वाढलेली होती. नाव आशा. एवढंच. बारावीच्या मार्कशीटवरही तेवढंच. आता अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडून वाडीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची आणि एका गोडाऊनमध्ये पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करायची. शास्त्र शाखेत तिला चांगले मार्क होते.

"मी रेघ मारून पाहिली, तं वडिलांचं नाव राहिलं म्हणते. नाही असं लिहिलं, तरी तेच. कॅफेवाले दादा म्हणतात, कोणतंही नाव टाक, कोण पाहून राहिलं. टाकू का मॅडम?"

मॅडमनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "काहीच टाकू नको. खोटा बाप एकदा कागदावर चढला की उतरत नाही. मले दोन दिवस दे. तुहा नंबर सांग."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. मी हात वर केले. कॉलेजनं यादी दिली होती, सगळे रकाने सक्तीचे. आम्ही तसं केलं होतं. मॅडमनी यादीवर नजर फिरवली, पिशवी उचलली आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या बसनं थेट कॉलेजात गेल्या होत्या, तिथल्या क्लार्कबाईंशेजारी तासभर बसल्या होत्या आणि कपाटातून ऑनलाइन व्हायच्या आधीचा जुना छापील फॉर्म मागून आणला होता.

तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. बोट टेकवलं. तिथे छापलं होतं : वडिलांचे नाव, असल्यास. खाली : आडनाव, असल्यास.

"हा शब्द कुठं गेला?"

तो कुठे गेला, ते मला माहीत होतं. कॉलेजनं आम्हाला यादीसोबत तो फॉर्मही पाठवला होता. मोबाइलवर 'असल्यास' दुसऱ्या ओळीत उतरायचा आणि वाईट दिसायचा, म्हणून मी तो काढला होता. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला विचारलंही नव्हतं. मी ते मॅडमना तसंच सांगितलं.

मला वाटलं, आता श्वेतासारखी माझी पाळी. पण त्या म्हणाल्या, "सांगितलं हे बरं केलं. चल आता, परत ठेवू त्याले."

ते एवढं सोपं नव्हतं. कॉलेजचे प्रवेशप्रमुख देवतळे सर फोनवर म्हणाले, मुदत चालू असताना फॉर्ममध्ये बदल होणार नाही. रकाना रिकामा म्हणजे अर्ज अपुरा, अपुरा म्हणजे बाद. मग हेमंत सर, मॅडम आणि मी असे तिघे त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. देवतळे सर शिस्तीचे, नीटनेटके गृहस्थ. टेबलावर एक कागद वाकडा नव्हता.

"मॅडम, तुमची भावना समजते," ते म्हणाले. "पण एका मुलीसाठी सगळी पद्धत बदलायची?"

"एकीनं फोन केला सर. किती जणींनी फोनच नाही केला, ते तुमाले माहीत नाही अन् मलेही नाही."

"आणि उद्या सगळेच रकाने रिकामे सोडतील, त्याचं काय?"

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "सर, ज्याच्याजवळ नाही तो, अन् ज्यानं अजून टाकलं नाही तो. हे दोन वेगळे माणसं आहेत. आपल्या फॉर्मले दोघं सारखेच दिसून राहिले. तिथं खाली एक ओळ द्या, 'माझ्याकडे नाही' म्हणून. ती जी निवडंल, तिनं बालगृहाचा दाखला जोडायचा, नाहीतर आईचं नाव टाकायचं. बाकीच्यांना सोडू नका. आणि मार्कशीट? मार्कशीटचा एक आकडा मी इकडचा तिकडं होऊ देणार नाही. तिथं मी तुमच्यापेक्षा कडक आहे."

आणि मग त्यांनी तो जुना फॉर्म टेबलावर ठेवला.

"हा कोणाचा?"

"आमचाच आहे," देवतळे सर म्हणाले. त्यांनी तो उचलला. वाचला. पुन्हा वाचला. कॉलेजचा स्वतःचा नियम होता तो. नवीन यादी करताना त्यांच्याकडूनही तो सुटला होता.

मी म्हणालो, "सर, तुम्ही फॉर्म पाठवला होता. तो शब्द मी काढला."

देवतळे सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "आणि बाकीचे अपुरे अर्ज? तेही बाद करायचे नाहीत, मग करायचं काय त्यांचं?"

"शेवटच्या दिवशी पाचपर्यंत सांभाळायचे," मॅडम म्हणाल्या. "पाचनंतर तुमचा नियम."

देवतळे सरांनी पेन काढलं आणि बदलाच्या कागदावर सही केली. मॅडमनी त्यांना सहीखाली तारीख टाकायला लावली. राहिली होती.

दोन दिवसांत आम्ही तो फॉर्म नवा केला. प्रत्येक चौकट भरली की तेवढं आपोआप जपलं जाईल. वीज गेली, रेंज गेली, मोबाइल बंद पडला, तरी परत आल्यावर जिथे सोडलं तिथूनच सुरुवात. राहिलेल्या जागेशेजारीच साध्या शब्दांत सूचना. आणि सगळ्यात वर मॅडमनी स्वतः सांगितलेली ओळ : 'तुमचा अर्ज आमच्याकडे जपून ठेवला आहे. एवढ्या जागा भरायच्या राहिल्या.' देवतळे सरांना 'जपून' हा शब्द कॉलेजला शोभत नाही असं वाटत होतं. मॅडमनी तो काढू दिला नाही.

ज्या दुपारी नवा फॉर्म सुरू झाला, त्याच दुपारी मॅडमचा फोन वाजला.

"मॅडम, गेला."

"काय गेलं?"

"फॉर्म. गेला पुढं. सगळा. हिरवं आलं." आणि पलीकडून पार्सलांच्या टेपचे कर्रकर्र आवाज, आणि तिच्या मैत्रिणींचा आरडाओरडा.

मॅडमनी फोन ठेवला आणि आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "काय पाहून राहिले? बाकीच्यांचे राहिले आहेत अजून."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहाला अपुऱ्या अर्जांची यादी पडद्यावर होती. बरीच लांब. मॅडमनी ती आमच्यात वाटून दिली आणि ऑफिसातला प्रत्येक फोन कामाला लागला. हेमंत सरसुद्धा फोन करत होते. वाक्य ठरलेलं, "तुमचा अर्ज आमच्याकडे आहे, एक जागा राहिली, ती भरा." एकीनं फोटोच्या जागी लग्नातला घरच्यांचा फोटो टाकला होता. मॅडम तिला विचारत होत्या, "यात पाच जणी आहेत वं बाई, यातली तू कोणती?" एकीला वाटलं होतं, अर्ज कधीच बाद झाला, म्हणून तिनं पुन्हा उघडूनच पाहिला नव्हता. तिची फक्त सही राहिली होती. श्वेता एका मुलीबरोबर पाऊण तास फोनवर होती, कारण तिच्या गावात रेंज शाळेच्या गच्चीवरच यायची आणि गच्चीची किल्ली शिपायाकडे होती. किल्ली मिळाली तेव्हा श्वेता अशी ओरडली की खालचा चपलावाला वर आला.

एक मुलगी म्हणाली, मला आता नर्सिंग करायचं नाही, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. मॅडमनी विचारलं, "तुही मर्जी आहे ना? कोणी थांबवलं तं नाही?" ती हसून म्हणाली, माझीच मर्जी. "मंग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि यादीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्यांच्या हिशेबी तोही अर्ज पूर्णच झाला होता.

यादी आखडत गेली. चार वाजता तीन नावं उरली, साडेचारला एक. त्या मुलीच्या मार्कशीटचा फोटो पुसट येत होता आणि मॅडम तो पुसट फोटो घ्यायला तयार नव्हत्या. "अंगणात जा. उन्हात धर. हात हलवू नको. आता काढ." पाचला सात मिनिटं कमी असताना तोही आला. स्वच्छ. मी पान पुन्हा उघडलं. अपुरे अर्ज : एकही नाही.

ऑफिसात टाळ्या, शिट्ट्या, टेबलं बडवणं. चहावाल्यानंही टाळ्या वाजवल्या. मॅडम खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, आवाज पार बसला होता, आणि दोन्ही हातांनी खूण करून सांगत होत्या, हळू, हळू. पण चेहरा असा फुलला होता की काय सांगू. पाच वाजून पाच मिनिटांनी देवतळे सरांचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अपुरा म्हणून एकही अर्ज बाद करावा लागला नाही, असं ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडमना सांगा, 'जपून' राहू द्या. पुढच्या वर्षीही."

गुणवत्ता यादीत आशाचं नाव पहिल्याच पानावर लागलं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्याच कॉलेजात. पहिल्या वर्षाच्या मुलींचा शपथविधी होता आणि आशानं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मॅडम मुलीकडे रायपूरला कायमच्या राहायला जाणार होत्या. पांढऱ्या गणवेशातल्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि देवतळे सर एकेकीचं पूर्ण नाव माइकवर घेत होते. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. मग ते म्हणाले, "आशा." सभागृहाला पुढचं ऐकायची सवय झाली होती, म्हणून क्षणभर सगळे थांबले. देवतळे सर थांबले नाहीत, त्यांनी कागद खाली ठेवला आणि स्वतः टाळ्या वाजवायला लागले. आशा तोवर ताठ मानेनं मंचाच्या मधोमध पोचलीही होती. मॅडम तिसऱ्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मागच्यांना दिसत नव्हतं, पण कोणी त्यांना बसायला सांगितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर उन्हात गर्दी झाली, फोटो झाले. रिक्षा येऊन उभी होती. मॅडम निघणार, तेवढ्यात आशानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "थांबा मॅडम, आमाले शिकवलं हे." तिनं त्यांचं मनगट नीट उलटं केलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "बोलू नका, चुकते मग," आशा म्हणाली. आणि गजभिये मॅडम खरंच गप्प झाल्या. त्या उन्हात, रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना, अख्खं एक मिनिट त्या हलल्या नाहीत. नजर आशाच्या चेहऱ्यावर.

आशानं मान वर केली.

"एकदम बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली.